भाच्याचा तक्ता बाजूला ठेवा

अंगमेहनत : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

(बाई वडोदऱ्याच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत असत. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आपल्या घराच्या गच्चीवर सकाळचा वर्ग घेतात. त्यांच्याकडे आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.)

प्रश्न : बाई, नमस्कार. वय ४४. मकरपुऱ्याला एका कारखान्यात हिशेब बघतो, म्हणजे दिवसभर खुर्ची. मागच्या तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला. भाच्याने फोनवरून तक्ता काढून दिला : सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी दंड, शनिवारी पोट. एकूण २७ प्रकार. जिमची वर्षाची फी भरली. तीन आठवडे गेलो, मग मार्च एन्ड आला आणि सुटलं ते सुटलंच. आता पुन्हा सुरू करायचंय, पण तो तक्ता बघितला की पोटात गोळा येतो. घरच्या घरी करण्यासारखं, डोकं न लावता करण्यासारखं काही सांगाल का?

उत्तर : भाच्यावर रागावू नका, पोराने मामाच्या काळजीपोटीच केलंय. पण तो तक्ता ज्याचा अर्धा दिवस जिममध्ये जातो त्याच्यासाठी आखलेला आहे, आणि तुमचा अर्धा दिवस टॅलीत जातो.

वारांना अवयव वाटून दिले की एक गोम होते. वार बुडाला की तो अवयव थेट पुढच्या आठवड्यावर. गुरुवारी ऑडिटर आले, पाय राहिले. पुढच्या गुरुवारी मेहुण्याकडे वास्तुशांत, पाय पुन्हा राहिले. पंधरा दिवस पाय कोरडे. (बुडतो तो नेमका पायांचाच वार. छातीचा सोमवार चुकवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.) त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, जमलं तर तीनदा, सगळं अंग एकाच बैठकीत हलवा. एखादा दिवस गेला तरी कुठलाही अवयव उपाशी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही मोठ्यांसाठी हेच आहे : मोठ्या स्नायूंना सगळ्यांना काम मिळेल असा ताकदीचा व्यायाम आठवड्यात किमान दोन दिवस. चालणं त्याशिवाय.

तुमच्या डॉक्टरांनी वजनं का सांगितली तेही समजून घ्या, म्हणजे कंटाळा आला तरी सोडवणार नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त जाते ती स्नायूंत. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघतासुद्धा साखर ओढून घेतात. स्नायू वापरलेच नाहीत तर साखरेने जायचं कुठे? मात्र गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही. डॉक्टर करतील तेव्हा करतील.

आता काय करायचं ते. पाच हालचाली. बसून उठणं, ढकलणं, ओढणं, वाकून उचलणं आणि उचलून चालणं. सत्तावीस प्रकारांतले बहुतेक सगळे या पाचांचेच चुलत-मावस भाऊ आहेत.

सामान म्हणजे मुलाची जुनी, पण पट्टे शाबूत असलेली दप्तराची सॅक आणि पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. यापेक्षा नेमकं वजन बाजारात विकत मिळत नाही, आणि ते किलोकिलोने वाढवता येतं.

बसून उठणं : सॅक छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून धरा, मागे खुर्ची ठेवा, खुर्चीला बूड जेमतेम टेकलं की उठा. टेकायचं, विसावायचं नाही. ढकलणं म्हणजे आपले जोर. जमिनीवर जमत नसतील तर ओट्यावर हात टेकून करा, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. गुडघे टेकून अर्धे-मुर्धे करण्यापेक्षा हात उंचावर ठेवून पूर्ण केलेले बरे, असं माझं मत आहे. ओढणं : डावा हात पलंगावर टेकवून वाका, उजव्या हाताने सॅक वरच्या पट्ट्याला धरून बरगडीपर्यंत ओढा, कोपर मागे जाऊ द्या. मग बाजू बदला. उचलून चालणं सगळ्यात सोपं. खंडेराव मार्केटमधून भाजी आणता तशा दोन मजबूत पिशव्या, दोन्हींत सारखं वजन, ताठ चालत गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. पिशव्या पायाला घासायला लागल्या किंवा बोटं सुटायला लागली की ठेवा.

वाकून उचलण्यावर जरा थांबते, कारण कमरेची दुखणी इथूनच येतात आणि बरीही बहुधा इथूनच होतात. भिंतीकडे पाठ करून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. गुडघे किंचित सैल सोडा. आता गुडघ्यातून खाली न बसता बूड मागे ढकला, भिंतीला टेकेपर्यंत. छाती आपोआप पुढे झुकेल, झुकू द्या. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटल्या की बरोबर चाललंय. कमरेत ताण वाटला तर पाठीची कमान झालीय. आरशात बघा किंवा घरातल्या कोणाला तरी पाठीवर उभी पट्टी धरायला सांगा : डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी पट्टी लागली पाहिजे. हे बिनवजनाचं जमायला लागलं की टाचा आणखी चार बोटं पुढे घ्या. मग सॅक दोन पावलांच्या मधे ठेवा, तसंच मागे ढकलत खाली जा, पट्टे धरा आणि जमीन पायाने खाली दाबत उभे राहा. सॅक अंगाजवळून वर आली पाहिजे. ती लांब राहिली की तेच दहा किलो कमरेला कितीतरी जड पडतात.

किती? प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, एका फेरीत ८ ते १२. मधे दोन मिनिटं विश्रांती, आणि ती विश्रांतीच, फोन नव्हे. अजून दोन झाले असते असं वाटतं तिथे थांबायचं. अगदी कोलमडेपर्यंत रेटायची गरज नाही, पण १२ झाल्यावर घाम नाही, दम नाही, अजून वीस झाले असते, तर वजन कमी आहे. तिन्ही फेऱ्या १२-१२-१२ झाल्या की पुढच्या वेळी सॅकमध्ये बाटली वाढवा आणि पुन्हा आठ-नऊपासून चढा. वाढवत नेणं हेच सगळ्याचं मूळ आहे. वर्षभर तीच सॅक, तितकंच पाणी, तेवढेच बारा, असं केलंत तर शरीर म्हणेल, आता आणखी कशाला मेहनत घेऊ?

तीनच फेऱ्या ऐकून कमी वाटतं, ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला अमेरिकी लष्कराच्या शिकागोतल्या रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे डॉक्टर जायबंदी सैनिकांकडून वजनं उचलून घ्यायचे. त्या काळी जखमी गुडघ्याला जड काम म्हणजे भलतंच धाडस समजत. १९४५ मध्ये त्यांनी पद्धत मांडली तेव्हा दहा-दहाच्या सात ते दहा फेऱ्या होत्या. १९४८ पर्यंत त्यांनी स्वतःच त्या तीनवर आणल्या : पहिली अर्ध्या वजनाची, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. सात-दहा फेऱ्या जास्त होतात, वीस-तीस उचलण्यांत काम चांगलं होतं, असा त्यांचा अनुभव होता. आज जगभरच्या जिममध्ये जे 'तीन सेट दहाचे' चालतं त्याचं गोत्र बरंचसं तिथे जातं.

आता वही. शंभर पानी, चौकटीची, दहा-वीस रुपयांची. ॲप नको, ॲप उघडलं की त्याच्या शेजारचं दुसरं काहीतरी उघडतं. पान असं दिसलं पाहिजे :

मंगळवार. बैठक, ८ किलो : १२, १०, ९. जोर, ओट्यावर : १२, १२, ११. ओढणं, ६ किलो : १०, १०, ८ (डावा हात कच्चा). वाकून उचलणं, १० किलो : १२, १२, १२, पुढच्या वेळी ११. चालणं, दोन्हीकडे ८ किलो : गच्चीच्या चार फेऱ्या.

बस. पुढच्या वेळी हे पान बघायचं आणि कुठेतरी एखादा आकडा वाढवायचा. पहिले सहा-आठ आठवडे आरशात काही दिसणार नाही, पण वहीत दिसेल. सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरतात नंतर. म्हणूनच दर आठवड्याला प्रकार बदलू नयेत. 'शरीराला धक्का द्या, सवय होऊ देऊ नका' असं सांगणारे भेटतील. सवय झाल्याशिवाय वजन वाढवता येत नाही, आणि आकडे जुळवल्याशिवाय वाढलं की नाही ते कळत नाही. तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्हाला हे मी काय सांगू.

अंग दुखेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरेल. जिना उतरताना 'आई गं' म्हणालात म्हणजे व्यायाम चांगला झाला असा अर्थ नाही, आणि दुखलं नाही म्हणजे वाया गेला असाही नाही. सांध्यात टोचल्यासारखं किंवा एकाच जागी चमकल्यासारखं दुखलं तर मात्र ती हालचाल थांबवा. आणि फी भरलीच आहे तर जिमला जरूर जा. हेच पाच तिथे करा, मुठीत डंबेल घेऊन. मशीनं वाईट नसतात, फक्त सगळ्या मशीनांना भेट द्यायचा नेम धरू नका. देवदर्शन नव्हे ते.

आपल्याच गावातून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघालेत, मुजुमदारांनी केलेले. मराठी माणसाने वडोदऱ्यात बसून केवढं काम केलं म्हणून मला त्याचा फार अभिमान आहे. पण सुरुवात करणाऱ्याला त्यातलं एकच पान पुरतं.

प्रश्न : बाई, मी ६८ वर्षांची. घर तुमच्या वर्गापासून दोन गल्ल्या सोडून, पण गच्चीचा जिना चढायची भीती वाटते म्हणून पत्र. सत्यनारायणाला पाटावर बसले की उठताना कोणाचा तरी हात लागतो. गुडघे कुरकुरतात. बी.पी.ची गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीआधी हाडांची तपासणी केली, त्यात कण्याची हाडं विरळ झाल्याचं निघालं. तेव्हापासून मुलगा आणि सून पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाहीत. मला मात्र वाटतं, याने मी आणखीच पांगळी होतेय.

उत्तर : काकू, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, आणि मुला-सुनेची काळजीही खोटी नाही. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

१९९० मध्ये अमेरिकेत बॉस्टनला वृद्धांच्या एका निवासात एक प्रयोग झाला. माणसं निवडली दहा, सरासरी वय ९०. काठी धरून चालणारी, काही पडून उठलेली. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचा व्यायाम करून घेतला, आणि तोही हलका-फुलका नव्हे, त्यांना झेपेल त्यात चांगला जड. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत! तुम्ही तर अजून साठीतल्या.

हाडांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलायला दिली. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता जवळपास तीन टक्के वाढली. घरी हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची उलट थोडी घटली. पण एक गोष्ट विसरायची नाही : त्या बायकांच्या शेजारी शिकलेला माणूस उभा होता आणि आधी महिनाभर त्यांच्याकडून हलक्या वजनावर पक्की तयारी करून घेतली होती. म्हणून तुम्हाला जड वजन पत्रातून सांगणार नाही. ते समोर उभं राहून शिकवायचं काम आहे. आधी तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून एवढंच विचारा : वजन उचलू का, आणि काय टाळू? ते बहुधा सांगतील की पाठ गोल करून वाकू नका आणि ओझं हातात घेऊन कमरेतून पिळू नका. कळशी तशीच उचलली जाते, म्हणून कळशीवरची बंदी तूर्त राहू द्या.

तोवर खुर्ची. डुगडुगणारी नको, चाकांची तर नकोच, भिंतीला पाठ लावलेली. तिच्यावर एक जाड उशी ठेवा, म्हणजे बैठक उंच होईल. पुढच्या निम्म्या भागावर बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे ओढा. इथेच बहुतेकांचं चुकतं : पावलं पुढे राहतात आणि मग हाताचा जोर लावावा लागतो. हात छातीवर दुमडा, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं झुका, आणि उठा. बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश या. धपकन बसलं की निम्मा व्यायाम वाया. सुरुवातीला पाच वेळा, थोडं थांबून पुन्हा पाच. आकडे मोठ्याने मोजा, घरात हसले तर हसू दे. आकडा तोंडातून बाहेर पडतो तेव्हा श्वास कोंडता येत नाही, आणि बी.पी. असणाऱ्याने जोर लावताना श्वास कोंडणं हेच टाळायचं असतं. दहा-दहा सहज व्हायला लागले की उशी काढा. मग खुर्चीऐवजी जरा बुटका मोडा घ्या. असं उतरत उतरत पाटापर्यंत यायचंय, पण पाटाची घाई नको. कुरकुर नुसती आवाजाची असेल तर चालू द्या. गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशीही ठणकला तर उंची पुन्हा वाढवा.

ओट्याशी उभं राहून दोन्ही हातांची बोटं ओट्याला लावून टाचा उचला, दहा वेळा. चहा उकळेपर्यंत एक पाऊल दुसऱ्याच्या थेट पुढे ठेवून तोल सांभाळा, हात ओट्याजवळच. पासष्टीच्या पुढच्यांनी तोलाचं काम आठवड्यात तीनदा तरी करावं असं सांगतात. तुमचा चहा दिवसातून तीनदा होतच असेल.

आणि जमिनीवरून उठायचंच शिकून घ्या, सून शेजारी असताना. सरळ उठायला जाऊ नका. आधी कुशीवर, मग चार पायांवर, समोर जड स्टूल, त्यावर दोन्ही हात. जो पाय चांगला तो पुढे, पाऊल पूर्ण टेकलेलं. आता हात आणि तो पाय मिळून उठा. नुसतं उठता येण्यापुरतं नाही सांगत मी. घरात एकटं असताना पडलात तर तासन् तास फरशीवर राहायची वेळ येऊ नये, यासाठीही ते अंगवळणी पडलेलं बरं. गच्चीच्या जिन्याची सोय मी करते. शनिवारी खाली ओसरीवरच तुमच्यासारख्या तिघी-चौघी येतात, सुनेला घेऊन या.

प्रश्न : बाई, मी एम.एस. युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला आहे, वय १९, वजन ५८ किलो, होस्टेलला राहतो. गामा पहिलवान रोज ५००० बैठका आणि ३००० जोर मारायचा म्हणतात. मग तुम्ही १२ वर का थांबवता? दुसरं, जिममधले दादा म्हणतात पावडरशिवाय अंग धरणार नाही. महिन्याला तीन हजार कुठून आणू?

उत्तर : गामाचे आकडे मीही लहानपणापासून ऐकत आले. खरे असतील किंवा सांगता सांगता फुगले असतील. तू कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेलायस का? गामाने १९०२ मध्ये उचलला म्हणून सांगतात तो दगड तिथे आहे. वजन १२०० किलो सांगतात. उचलला म्हणजे नेमकं काय केलं यावर माझ्या वर्गात दरवर्षी वाद होतो, तूही घालून बघ. पण १९१० मध्ये लंडनला जाऊन त्याने कुस्त्या गाजवल्या, त्यावर वाद नाही. तो पहिलवान होता रे, तोच त्याचा धंदा. राजेरजवाड्यांच्या आश्रयाने खुराक मिळायचा, आणि उरलेल्या वेळात त्याला सबमिशन नसायची. हजारो बैठकांनी दम वाढतो, कुस्तीला तो लागतो. नुसत्या ताकदीसाठी मात्र पन्नास बैठका सहज व्हायला लागल्या की एक्कावन्नावीपेक्षा खांद्यावर वजन घेतलेलं जास्त उपयोगी.

आणि हे जिमवाल्यांनी शोधलेलं नाही. जुन्या तालमीत नाल असे, म्हणजे दगडाचं कडं. मुद्गलांच्या, म्हणजे फिरवायच्या लाकडी गदांच्या, जोड्या हलक्यापासून जडपर्यंत ओळीने लावलेल्या असत, एक पेलली की पुढची घ्यायची. रावपुऱ्याजवळ जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेलं. तिथे एकदा नुसतं बघायला जा. जोर-बैठका की जिम, हा वाद तुझ्या वयाची मुलं माझ्याकडे नेहमी आणतात. जोर-बैठका घाल, पण ओढायचं काम त्यात येत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा बारला लटकून अंग वर खेच. एकही होत नसेल तर उडी मारून वर जा आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली ये.

पावडर. ती दुधाच्या निवळीतूनच काढतात. विष नाही, जादूही नाही. एका चमच्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. तुला दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम पुरेत, म्हणजे किलोमागे १.२ ते १.६. मेसच्या पोळ्या, पातळ डाळ आणि दह्यातून अर्धं येतं असं धर. वरचं असं : अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. तीन अंडी, १८. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, कोरड्या मोजून, २६. खिशात मूठभर दाणे. झालं की. पावडर घेतलीसच तर सोय म्हणून घे. दादांना मानतोस म्हणून नको. आणि दादांच्या बॅगेतून स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन निघालं तर दुसरी जिम शोध. त्यात हृदय आणि लिव्हर जातं, आणि ज्या मर्दपणासाठी पोरं ते घेतात, अंडकोष आक्रसून त्याच्याच मुळावर येतं.

प्रश्न : वय ३५, दोन मुलं. वजनं उचलायला लागले तर दंड पुरुषांसारखे होतील असं आत्येसासूबाई म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. दंड पुरुषांसारखे व्हायला पुरुषांइतकं टेस्टोस्टेरॉन लागतं, ते बाईच्या अंगात नसतं. पुरुषसुद्धा वर्षानुवर्षं घाम गाळतात तेव्हा कुठे बाही घट्ट होते. आत्येसासूबाईंना म्हणावं, धाकट्याला एका कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने गव्हाचं पोतं सरकवते तेव्हा तुम्ही काही बोलत नाही.

प्रश्न : सकाळी करू की संध्याकाळी? उपाशीपोटी चालेल का?

उत्तर : ज्या वेळी दार बंद करून चाळीस मिनिटं मिळतील त्या वेळी. उपाशीपोटी गरगरत असेल तर केळं खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी नकोच, डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा.

प्रश्न : बाई, तीन महिन्यांपासून तुमच्या सांगण्याप्रमाणे चाललंय. आता नवरात्र आलं. नऊ रात्री गरबा, घरी यायला दोन वाजतात. व्यायाम मोडला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल का? शिवाय गेल्या वर्षी तिसऱ्या रात्रीच पोटऱ्या भरून आल्या होत्या. (मांजलपूर, वय २९)

उत्तर : वडोदऱ्यात राहून गरबा बुडव असं सांगणारी मी कोण? ताकद दहा दिवसांत कुठे जात नाही. दोन-तीन आठवडे हात लावला नाही तरी बरीचशी जागेवर असते. नऊ दिवसांत एकदा, फार तर दोनदा, दुपारी कर, तेही एक-एकच फेरी आणि फक्त वरच्या अंगाची. जोर आणि ओढणं. पायांना रात्रीचं काम पुष्कळ आहे. दोन वाजता झोपून सहाला उठायचा पराक्रम नको. झोप कमी असेल त्या दिवशी व्यायाम सोड, झोप नको सोडू. दसऱ्याला फाफडा-जलेबी खा, दोन दिवस जाऊ दे, आणि मग आधीच्या वजनापेक्षा दोन-तीन किलो कमी घेऊन सुरुवात कर. आठवड्या-दोन आठवड्यांत पहिल्या आकड्यावर येशील.

पोटऱ्यांची तयारी मात्र आजपासून. तीन ताळी, दोन ताळी (गरब्यातले टाळ्यांचे प्रकार), सगळं चवड्यांवर चालतं, आणि मैदानात तू अनवाणी असणार. जिन्याच्या खालच्या पायरीवर चवडा टेकव, टाच बाहेर लोंबती, एक हात कठड्याला. दोन मोजत वर, वर क्षणभर थांब, तीन मोजत टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतर. दोन्ही पायांवर पंधरा सहज होत असतील तर एका पायावर कर, आठपासून. तीन फेऱ्या, एक दिवसाआड. वर जाताना घोटा बाहेरच्या बाजूला कलंडू देऊ नकोस, भार अंगठ्याच्या मुळाशी ठेव. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा जरा वाकवून कर, कारण पोटरीचे दोन स्नायू आहेत आणि त्यातला आतला स्नायू गुडघा वाकवला की जास्त कामाला लागतो. गरब्याच्या आधीचे दोन दिवस पायऱ्यांना सुट्टी. टाचेच्या मागच्या शिरेवर दाबून दुखत असेल किंवा सकाळी पहिली पावलं लंगडत पडत असतील तर मात्र पायरी नको, आधी ते कोणाला तरी दाखवून घे.